डाफ्ट पंक: दुकानातलं, दुर्मिळ आणि दादाच्या खोक्यातलं

तबकडीवाला

पावसाच्या आधी माळा उपसायचा हा आमच्याकडचा नेम. यंदा पहिलंच खोकं उघडलं आणि दोन तास तिथेच फतकल मारून बसलो. आत डाफ्ट पंकचं सगळं सामान. बायको खालून म्हणाली, "यंदा तरी कमी कर." कमी करायचं तर काय ठेवायचं ते ठरवायला हवं, म्हणून हा धागा.

ज्यांना हे नाव 'वन मोअर टाइम'पुरतंच माहीत आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. यंत्रांवर नाचाचं संगीत करणारे, रोबोटचे मुखवटे घालून वावरणारे पॅरिसचे दोघे, तोमा बांगाल्टर आणि गी-मान्युएल द ओमेम-क्रिस्तो. आधी त्यांचा 'डार्लिन' नावाचा तिघांचा गिटारवाला बँड होता. तिसरा लोरां ब्रांकोविट्झ पुढे 'फीनिक्स' या बँडमध्ये गेला. 'मेलडी मेकर' या ब्रिटिश साप्ताहिकातल्या परीक्षणात त्यांच्या वाजवण्याला 'डाफ्ट' आणि 'पंकी' म्हटलं होतं, म्हणजे आपल्या भाषेत खुळचट धांगडधिंगा. या दोघांनी ती शिवीच दुकानावर पाटी म्हणून लावली. १९९३ ते २०२१ एवढी कारकीर्द आणि स्टुडिओ अल्बम मोजून चार: होमवर्क १९९७, डिस्कव्हरी २००१, ह्यूमन आफ्टर ऑल २००५, रँडम अ‍ॅक्सेस मेमरीज २०१३. (ट्रॉनच्या सिनेमाचं २०१० चं पार्श्वसंगीत वेगळं धरतो.) इतकं कमी वाढल्यावर पंगतीतली माणसं ताटाच्या कडेचं चाटणारच.

तर कडेचं. माझं मत असं झालंय की दुर्मिळ म्हणून जे खपवलं जातं त्यातलं निम्मं अधिकृतच असतं, फक्त जपानात अडकलेलं. ह्यूमन आफ्टर ऑलच्या रीमिक्सचा अल्बम २००६ मध्ये फक्त जपानमध्ये निघाला, तेव्हा त्याच्यासाठी लोक वेडे झाले होते. २०१४ मध्ये तो परत आला आणि सगळी हवा गेली. 'होरायझन' हे संथ, गिटारचं गाणं रँडम अ‍ॅक्सेसच्या जपानी आवृत्तीतच होतं. २०२३ च्या दहा वर्षांच्या आवृत्तीत ते सगळ्यांना मिळालं.

या जपानी प्रकारात मी एकदा सणसणीत फसलोय. उपनगरातल्या एका दुकानात (नाव घेत नाही, आता तिथे मोमो मिळतात) 'जपान इम्पोर्ट' म्हणून रीमिक्सची सीडी घेतली. वर जपानी अक्षरांचा कागदी पट्टा वगैरे झकास. घरी येऊन उलटी केली तर खालची बाजू हिरवट-निळी. कंपनीत छापलेली सीडी खालून चांदीसारखी असते आणि मधल्या भोकाभोवती बारीक आकडे-अक्षरं कोरलेली असतात. हिरवट दिसली की समजायचं, कुणीतरी घरच्या कॉम्प्युटरवर भाजलेली आहे. बाराशे रुपये. तेव्हापासून दुकानात पैसे काढायच्या आधी सीडी उलटी करतो. दुकानदार चिडले तर चिडले.

दुसरं, डाफ्ट क्लबचं कार्ड. डिस्कव्हरीच्या सुरुवातीच्या प्रतींमध्ये एटीएम कार्डासारखं एक कार्ड यायचं, प्रत्येकावर वेगळा नंबर. तो इंटरनेटवर घातला की जादाची गाणी उतरवून घेता यायची. २००१ मध्ये ही केवढी नवलाई! मामाने लंडनहून आणलेली प्रत घेऊन मी कलिन्याच्या सायबर कॅफेत जाऊन बसायचो. अर्धं गाणं उतरलं की लाइन कट, पैसे मात्र पूर्ण तासाचे. २००३ मध्ये ते प्रकरण बंद पडलं आणि त्यातलीच बरीचशी गाणी 'डाफ्ट क्लब' नावाने सीडीवर आली. माझं कार्ड २६ जुलै २००५ ला गेलं. आम्ही तळमजल्यावर होतो, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला तो दिवस. सीडी धुऊन पुसून वाचल्या, कार्डही तसं वाचलं असतं, पण गाळासकट जे केरात गेलं त्यात तेही गेलं. तसा त्याचा काही उपयोग उरला नव्हता. तरी त्यावरचा नंबर मला अजून अर्धा पाठ आहे.

माझ्या लेखी खरोखर मोलाचं ते एवढंच: १९९४ ची 'द न्यू वेव्ह' ही सोमा या स्कॉटिश कंपनीची बारा इंची तबकडी (माझ्याकडे नाही), आणि 'ड्राइव्ह'. हे दुसरं त्याच काळातलं गाणं. सोमाच्या कपाटात पडून राहिलेलं, कंपनीला वीस वर्षं झाली तेव्हा २०११ मध्ये बाहेर काढलं. घासलेलं, ओबडधोबड, गाण्याला चेहरा असा नाहीच. पण ही मंडळी पुढे काय करणार ते त्यात ऐकू येतं.

तुमच्याकडे काय आहे? चोरीच्या लिंका कृपया नकोत.

मनीमाऊ

माझ्या मते तुम्ही खोकं ठेवा आणि माळा कमी करा.

गंमत सोडा. आमच्याकडे 'अलाइव्ह २००७' ही त्यांच्या मैफलीची सीडी आहे. नवऱ्याने लग्नाआधी ऱ्हिदम हाऊस या कॅसेट-सीडीच्या दुकानात, त्या ऐकायच्या खोलीत मला उभं करून ऐकवली होती. बाहेर माणसं ताटकळत होती आणि हा म्हणतोय, आत्ता बघ, आत्ता दोन गाणी एकमेकांत शिरतील. मला तेव्हा मिक्सरवर चटणी वाटल्यासारखं वाटलं होतं. आता स्वयंपाक करताना मीच लावते.

खर्जातला सा

तबकडीवाला, हे तुमचे रोबोट मला परके, पण रोग ओळखीचा आहे. आमच्या पंथात अशा ध्वनिमुद्रणाला 'प्रायव्हेट' म्हणतात. अमक्यांच्या दिवाणखान्यातली बैठक, तमक्या मंडळाचा गुढीपाडवा. मूळ टेप एकाकडे, त्याची नक्कल चौघांकडे, नकलेची नक्कल चाळीस जणांकडे आणि प्रत्येक पायरीला खरखर एक पदर वाढलेली.

आमच्याकडे याला सबळ कारण होतं. ७८ च्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपायची. अब्दुल करीम खाँसाहेबांची 'जमुना के तीर' आम्ही त्या मापात ऐकली आणि बैठकीत तीच भैरवी कशी उलगडत असेल, याचा विचार करत रात्री काढल्या. प्रायव्हेट टेप ही त्या उपासाची सोडवणूक. तिच्यात चहाच्या कपांचा आवाज असतो, तंबोरा पुन्हा लावलेला असतो, 'जरा पंखा बंद करा' असतं. अधिकृत तबकडीत गाणं मिळतं, प्रायव्हेटमध्ये गवई मिळतो.

तुमच्या दोघांच्या बाबतीत हे लागू आहे का? यंत्रंच वाजवायची तर प्रत्येक मैफल सारखीच होत असेल.

तबकडीवाला

सा काका, नाही होत. 'अलाइव्ह १९९७' ऐका. बर्मिंगहॅमचा क्यू क्लब, ८ नोव्हेंबर १९९७. मध्ये गाण्यांच्या खुणा नाहीत, ४५ मिनिटं ३३ सेकंदांचा सलग एकच तुकडा. ही अधिकृत सीडी २००१ मध्ये आली, पण वागणूक पूर्ण प्रायव्हेटची. 'डा फंक'ची चाल येते-येते म्हणून लोकांना लटकवून ठेवलंय. मध्येच एखादा आवाज इतका पिळलाय की यंत्र बिघडलं असं वाटावं, आणि गर्दी ओरडते ती बरोबर तिथेच. होमवर्कमध्ये तीच गाणी इस्त्री केलेली आहेत. बांगाल्टरने ती घरी झोपायच्या खोलीत बसवली होती हे ध्यानात घेतलं तर इस्त्रीही बरीच म्हणायची.

आणि २००६-०७ च्या दौऱ्याचं उलटं. रंगमंचावरचा तो प्रकाशाचा पिरॅमिड २९ एप्रिल २००६ ला अमेरिकेतल्या कोचेला महोत्सवात पहिल्यांदा दिसला. जगभर त्याचा बोभाटा झाला, पण दौऱ्याची अधिकृत फिल्म काढलीच नाही. १४ जून २००७ चा पॅरिसच्या बेर्सी सभागृहातला आवाज तेवढा मनीमाऊंच्या सीडीत आहे. चित्र पाहायचं तर लोकांनी हातातल्या कॅमेऱ्यांवर घेतलेले हलते तुकडे. म्हणजे दुर्मिळ तेच सगळ्यात स्वस्त आणि सगळीकडे.

त्यांच्याकडच्या 'पंखा बंद करा'चाही एक नमुना आहे. २०२३ च्या आवृत्तीत 'फ्रॅगमेंट्स ऑफ टाइम' रचताना त्या गाण्याचा गायक टॉड एडवर्ड्स आणि बांगाल्टर यांचं स्टुडिओतलं बोलणंच ठेवलंय. शब्द सापडत नाहीत, मग सापडतात, मग हसतात. पुढचं सगळं बाजूला ठेवा, पण हे ऐका.

पॅडवाला

लालबागहून नमस्कार. मी ऑर्केस्ट्रात पॅड वाजवतो, सीझनला बेंजोबरोबर पण. काका, यंत्रं सारखी वाजतात हे बोलू नका, पोटावर पाय येतो.

आपण ज्याला ऑक्टोपॅड म्हणतो ती रोलंड कंपनीची वस्तू, १९८५ ची. होमवर्क ज्यावर उभं आहे ती ९०९ ही ठेक्याची मशीन पण रोलंडचीच, दोन वर्षं आधीची. 'रिव्होल्यूशन ९०९' हे गाण्याचं नावच बघा. म्हणजे हळदीला आम्ही वाजवतो त्याची ही चुलत भावंडं. आणि 'डा फंक'मध्ये जी वळवळते ती रोलंडची ३०३. बास गिटारवाल्याची जागा भरायला काढलेली डबी, १९८१ ची. अगदीच खोटी वाजते म्हणून कुणी घेईना, तीन वर्षांत बंद. मग शिकागोवाल्यांना सेकंडहँडमध्ये सापडली आणि तिचे कान पिळून त्यांनी अ‍ॅसिड हाउस हा नाचाच्या संगीताचा प्रकार काढला.

पण त्यांच्या आधी कुणी? आपल्या मुंबईने! चरणजित सिंग, सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवणारा माणूस. १९८२ ला एचएमव्हीवर 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टु अ डिस्को बीट'. तीच ३०३, रोलंडच्याच ८०८ मशीनचा ठेका, ज्युपिटर-८ या सिंथेसायझरवर राग. भैरव ऐका, अंगावर येतो. तेव्हा कुणी विचारलं नाही. २०१० ला एका डच माणसाने परत छापली तेव्हा जगाला कळलं. २०१५ ला गेले बिचारे. शिकागोचं गाजलेलं अ‍ॅसिड हाउस गाणं 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' १९८७ चं आहे, हिशोब तुम्हीच करा. दुर्मिळच हवं असेल तर ती मूळ एलपी शोधा. चोरबाजारात मटन स्ट्रीटला एकाने मला भाव सांगितला, मी त्याला राम राम केला.

खर्जातला सा

माफी. भैरव ऐकला. कोमल रिषभावर हवं ते आंदोलन नाही, पण माणसाला राग ठाऊक आहे. हे मला कुणी आधी का सांगितलं नाही?

मनीमाऊ

एक अडाणी प्रश्न. तो रोबोटचा आवाज म्हणजे नेमकं काय असतं? गायक गातो की मशीन?

पॅडवाला

दोघं मिळून. त्याला व्होकोडर म्हणतात. माईकवर तुम्ही बोलता, हाताने कीबोर्ड दाबता. मशीन तुमच्या बोलण्यातला तोंडाचा आकार उचलतं, आ-ई-ऊ, स-श, आणि तो कीबोर्डच्या सुरावर चढवतं. शब्द तुमचे, गळा कीबोर्डचा. सूर चुकायचा प्रश्नच नाही, बोट चुकलं तरच चुकेल. २०२३ वाल्या सीडीत 'लूज युवरसेल्फ टु डान्स'च्या व्होकोडर चाचण्या आहेत, त्यात कळेल.

बोरिवली फास्ट

पहिल्यांदाच लिहितोय. माझ्याकडे एक वस्तू आहे जी तुमच्यापैकी कुणाकडेच नसणार. दादाच्या जुन्या खोक्यात कॅसेट मिळाली, वर स्टिकर 'डाफ्ट पंक लाइव्ह ९७'. सुरुवातीला पाच-सहा सेकंद टाळ वाजतात. आपले, भजनातले टाळ! खाली मृदंगासारखं काहीतरी. मग खट्‌ आणि एकदम क्लबची गर्दी. नेटवर सगळीकडे शोधलं, अशी सुरुवात कुठल्याच आवृत्तीत नाही. त्यांनी आपले टाळ सॅम्पल केले होते का? शेवटही वेगळा आहे, मध्येच तुटतो. किती किंमत असेल याची?

तबकडीवाला

आईशप्पथ. थांबा, कुठेही विकू नका. तीन गोष्टी सांगा.

१. कॅसेट कितीची आहे, ६० की ९०?
२. खट्‌ पासून तुटेपर्यंत मोबाइलवर वेळ लावून मोजा.
३. कॅसेटच्या वरच्या कडेला, जिथे टेप दिसते त्याच्या विरुद्ध बाजूला, दोन खाचा असतात. त्या कशा आहेत?

खर्जातला सा

माझाही एक प्रश्न. हेडफोन लावून ऐका. टाळ डाव्या-उजव्या कानात वेगवेगळे येतात की बरोबर मध्यभागी? आणि मृदंगाचे बोल ओळखता येत नसतील तर मात्रा मोजा.

पॅडवाला

सॅम्पल असेल तर मी या वर्षी विसर्जनाला हेच वाजवणार.

बोरिवली फास्ट

१. ९० ची.
२. ४५ मिनिटं ८ सेकंद. दोनदा मोजलं.
३. ए बाजूच्या खाचेवर सेलोटेपचा तुकडा चिकटवलाय, पिवळा पडलाय. बी बाजूची खाच उघडी आहे, आतली चकती तोडलेली.

काका, टाळ अगदी मध्ये. आणि पंखा असावा असा घरघर आवाज. मात्रा आठ वाटतात, पण सहा सेकंदांत काय मोजणार.

खर्जातला सा

भजनी ठेका.

तबकडीवाला

हो काका, आणि टू-इन-वनचा अंगचाच माईक. म्हणून सगळं मध्यभागी.

बोरिवली, वाईट वाटून घेऊ नका. 'अलाइव्ह १९९७' आहे ४५ मिनिटं ३३ सेकंदांची. नव्वदच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची, कंपनी वर थोडी टेप जास्त द्यायची तेवढीच. दादाने सीडी पिन लावून उतरवली आणि शेवटच्या पंचवीस सेकंदांना टेप पुरली नाही. डेकचा वेग जरा मागेपुढे धरला तरी हिशोब बसतो.

आता टाळ. कॅसेटच्या सुरुवातीला काही सेकंद नुसती पट्टी असते, तिच्यावर आवाज उमटत नाही. ती ओलांडायला आपण सगळे पेन्सिल घालून चक्र फिरवायचो. दादाने जरा जास्त फिरवलं. तिथून पुढे मशीनने आधीचं पुसत-पुसत नवीन भरलं, मागे राहिले ते सहा सेकंद तसेच राहिले. म्हणजे त्या कॅसेटवर आधी भजन होतं. आणि ज्याने ते भरलं होतं त्याने कुणी पुसू नये म्हणून दोन्ही चकत्या मुद्दाम तोडल्या होत्या. सेलोटेप त्यावरचा उपाय. मीही असे उद्योग केलेत.

मनीमाऊ

दादाला झोडा.

बोरिवली फास्ट

दादा कॅनडात आहे, वाचला.

स्टिकर वाफेवर धरून सोडवलं. खाली बाबांचं अक्षर. 'गोकुळाष्टमी ८९. बाजू अ: मी. बाजू ब: बुवा.'

आमच्या चाळीत दर अष्टमीला भजन असायचं. बाबा गायचे हे मला माहीतच नव्हतं.

पॅडवाला

भाई...

खर्जातला सा

बाबा आहेत ना?

बोरिवली फास्ट

आहेत काका, ७८ वर्षांचे, आत क्रिकेट बघतायत. सांगितलं त्यांना. म्हणाले, "बरं झालं, मी बेसूरच होतो." मग पाच मिनिटांनी बाहेर येऊन विचारलं, "बुवांची बाजू आहे ना शाबूत?" टाळ ऐकवले तर म्हणाले, हे पांडूचे, तो नेहमी घाई करायचा.

खर्जातला सा

बाजू ब आता अजिबात लावू नका. पस्तीस वर्षं गुंडाळलेली टेप आहे, बुरशी असेल तर पदर एकमेकांना चिकटलेले असतात, ओढलं की सगळं खरवडून निघतं. खिडकीतून आत बघा, गुंडाळीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसते का? आणि टेपच्या मागे जो लहानसा फेल्टचा तुकडा असतो तो जागेवर आहे का, पडलाय?

बोरिवली फास्ट

भुकटी नाही. ए बाजू तर आठवडाभर वाजवतोय मी, काही झालं नाही. फेल्ट एका बाजूने सुटलाय.

तबकडीवाला

मग कवच बदलू. पाच स्क्रूवाली रिकामी कॅसेट माझ्याकडे आहे, टेप तिच्यात घालायला वीस मिनिटं लागतील. रविवारी सकाळी दादरला या, मी डेक आणि लॅपटॉप घेऊन येतो. काका, तुम्ही जवळच राहता ना? तुमच्याकडेच बसू. बाबांना जमत असेल तर आणा, बुवा कोण ते तेच सांगतील. कॅसेट डब्यात घाला, मोबाइलच्या खिशात नको.

खर्जातला सा

या. पंखा बंद ठेवीन.

पॅडवाला

मी पण येतो. ते सहा सेकंद मला वेगळे काढून द्या.

तबकडीवाला

देतो. माळ्यावरचं खोकं मात्र अजून हॉलमध्येच आहे. तेवढ्यापुरता धागा पुन्हा मूळ विषयावर आणा, 'द न्यू वेव्ह'ची बारा इंची मुंबईत कुणाकडे आहे का?